ऑफिसवरच्या माळ्याचं माप

आधी कबूल करा, हसणार नाही. न्हाय न्हाय, असं मान हलवून नको, तोंडानं बोला. कारण हा किस्सा मी आमच्या पेठेत एकदाच सांगितला, आणि ऐकणाऱ्याच्या नाकातून चहा आला. तोही मीच पाजलेला. तेव्हापासून मी आधी कबुली घेतो, मग तोंड उघडतो. तर, माझ्या हातून जे झालं ते असं झालं.

सोलापूरच्या भवानी पेठेत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. कारखाना म्हटलं की लई मोठं काही डोळ्यांपुढं आणू नका. एक लांबलचक शेड, वर पत्रा, आठ माग, आणि शेडच्या शेवटाला दोन भिंतींच्या मधे प्लायवूड आणि काच लावून केलेलं माझं ऑफिस. ऑफिसात एक टेबल, एक खुर्ची, एक पंखा, आणि मी. पंखा मात्र चांगला आहे, हं. पूर्ण शेडमध्ये खरं वारं देणारा तेवढा एकच.

शेडच्या डाव्या अंगाला चार शिलाई मशिनी. मागावरून जो उतरतो तो टॉवेल नसतो, नुसता लांबच लांब पट्टा असतो. तो धुवायला जातो, परत येतो, मग कापायचा, कडा दुमडायच्या, शिवायच्या. तेव्हा कुठं त्याला गिऱ्हाईक टॉवेल म्हणतं. ते सगळं करणाऱ्या चार बायका, आणि त्या चौघींच्या पुढारी अनसूयाक्का.

अक्का माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडं. घरी तेलुगू बोलणार, कारखान्यात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. मी शाळेत होतो तेव्हापासून मला ओळखतात, त्यामुळं मला 'मालक' म्हणतात खरं, पण त्या शब्दात मान किती आणि गंमत किती, ते मला अजून कळलेलं नाही.

झालं असं, की माल वाढला. तयार टॉवेलचे गठ्ठे ठेवायला जागा नाही. मग मी काय केलं? ठेवत गेलो शिलाईच्या जागेत. आज दोन गठ्ठे, उद्या चार. प्रत्येक वेळी म्हणायचो, "अक्का, मशीन जरा पलीकडं घेता का?" अक्का घ्यायच्या. असं पलीकडं पलीकडं करत त्या चौघी शेवटी कुठं पोचल्या माहितीय? संडासाच्या दारात!

खोटं सांगत नाही. एक मशीन तर इतकं जवळ, की दार उघडायचं म्हटलं तर बाईला उठावं लागायचं. कुणाला जायचं असलं की, "अक्का, जरा पाय घ्या." परत येताना, "अक्का, जरा पाय." दिवसभर हेच. जेवणाचा डबा उघडायचा तर त्या चौघी बाहेर रस्त्यावर जाऊन बसायच्या. मला दिसत होतं हो. पण 'करू, करू' म्हणत मी काचेच्या आत पंख्याखाली बसून होतो.

एका सोमवारी सकाळी अक्का ऑफिसात आल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. 

"मालक, तुमच्या गठ्ठ्यांनी आमाला ढकलत ढकलत कुटं नेलं, बघितलं न्हवं?"

"बघितलं की अक्का. काहीतरी करतो."

"आता फकस्त आत बसायचं ऱ्हायलंय. कडी लावून तितंच शिवतो, चालंल?"

"अहो, असं काय बोलता!"

"शनिवारपर्यंत जागा करून द्या. न्हाय तर सोमवारपासनं आमी चौघी दुसऱ्या कारखान्यात. बोलणं झालंय आमचं. तितं पंखा बी हाय."

आणि गेल्या.  शिलाईवाल्या गेल्या की कारखाना बंद, हे तर उघडच आहे. पण खरं सांगू का? मला त्याचं एवढं वाटलं नाही. मला वाटलं, अक्का जाणार? आमच्या कारखान्यातून? वडील असते तर मला उभं केलं असतं उन्हात.

डोक्याला हात लावून खुर्चीत मागं रेललो, आणि नजर गेली वर. ऑफिसच्या प्लायवूडच्या छताच्या वर, पार पत्र्यापर्यंत, सगळं रिकामं! अरे, तिथं माळा टाकला तर? आडवे गर्डर, वर जाड पत्रा, बाजूला लोखंडी जिना. सगळे गठ्ठे वर, खालची जागा मोकळी, आणि अक्का आपल्या जुन्या जागेवर. स्वतःच्या डोक्याचं इतकं कौतुक वाटलं मला, की लगेच एक चहा मागवला.

मागच्या बोळात रफिकभाईंचं वेल्डिंगचं दुकान. सोलापुरात त्यांच्या हाताचे दरवाजे आणि शटर किती असतील, त्यांचं त्यांनाच माहीत नसेल. माणूस शांत. आवाज कधी चढत नाही. ते आले, मान वर करून दोन मिनिटं बघितलं.

"हौ सेठ, हो जाता. चार गर्डर. दोन्ही भिंतींना प्लेटा ठोकतो, गर्डर मधे बरोबर बसवून वेल्डिंग मारतो. वर हत्ती बांधा, काय होणार नै."

"शनिवारपर्यंत?"

"आजच माप दिलं तर गुरुवारी गर्डर आणतो." असं म्हणून त्यांनी खिशातून टेप काढली.

आणि इथं माझं घोडं पेंड खायला लागलं!

"रफिकभाई, टेप ठेवा आत. माप मी देतो."

"नक्को सेठ. मी घेतो ना. दोन मिनिटांचं काम."

"अहो, आयुष्य मापात गेलंय माझं! टॉवेलात जरा इकडचं तिकडं झालं तर माल परत येतो. आजवर मापासाठी माझा एक नग परत आलेला नाही. आणि तुम्ही मला माप शिकवणार?"

"शिकवत नै हो. अपनी आदत है. दुसऱ्याच्या मापावर मैं लोहा नै कापता."

"ह्या खेपेला कापा. मी आहे ना!"

हे 'मी आहे ना' मी छातीवर हात मारून म्हटलं. मागवाले बघत होते, अक्का बघत होत्या. सगळ्यांना कळायला पाहिजे ना, मालक अक्कांसाठी स्वतः शिडीवर चढतोय म्हणून! मग चढलो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेप ताणली. एकदा मोजलं, दोनदा मोजलं, खाली उतरून टेबलावर बसलो आणि आमच्या ऑर्डरच्या पॅडवर झोकात माप लिहिलं. चिठ्ठी फाडली, रफिकभाईंच्या हातात दिली.

"यात केसभर फरक करायचा नाही."

"लिहिलं ते कापतो सेठ," ते म्हणाले, आणि चिठ्ठी खिशात घालून गेले.

गुरुवारी दुपारी टेम्पोतून गर्डर आले. काय गर्डर! लालभडक रंग मारलेले. चौघा मागवाल्यांनी दोर लावून पहिला गर्डर वर खेचला. एक टोक या भिंतीला टेकलं. दुसरं टोक काही त्या भिंतीच्या आत जाईना. डावीकडं खाली घेतला की उजवीकडं वर, उजवीकडं खाली दाबला की डावीकडं वर. आडवा व्हायचं नावच नाही. मी खालून ओरडतोय, "अरे ढकला! जोर लावा! सकाळी जेवला नाहीत काय?"

रफिकभाई वरून म्हणाले, "सेठ, बसत नै. लंबा है."

"लांब? कसा लांब? तुम्हीच चुकीचा कापला!"

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. माझ्या हाताने लिहिलेलं: तेरा फूट. गर्डरला टेप लावली: तेरा फूट. बरोबर. मग भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावली.

बारा फूट.

आता मला सांगा, शहाण्या माणसानं इथं काय करावं? 'चुकलं बाबा' म्हणावं, विषय मिटवावा. पण मी म्हणजे मी! मी म्हटलं, "तुमची टेप खराब आहे."

माझी टेप आणली. बारा फूट. शेजारच्या फर्निचरवाल्याची टेप आणली. बारा फूट. तीन टेपा एका बाजूला आणि मी एकटा एका बाजूला.

"म्हणजे भिंत सरकली काय?" मी म्हटलं. एका मागवाल्यानं खरंच भिंतीला हात लावून बघितलं.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाहेर ऊन कसलं! आपलं चैत्रातलं सोलापूर, कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नव्हतं. मी बोट उंचावून म्हटलं, "लोखंड वाढलंय! उन्हात लोखंड वाढतं. शाळेत शिकवलंय. तुम्ही गर्डर उघड्या टेम्पोतून आणलेत, ते तापले आणि वाढले!"

रफिकभाईंनी माझ्याकडं बघितलं. फार मायेनं बघितलं.

"सेठ, एक फूट वाढलं? अशानं आपल्या स्टेशनातली पटरी उन्हाळ्यात कुर्डुवाडी ओलांडून गेली असती."

"थट्टा नको! पाणी आणा!"

आणि आणलं हो त्यांनी पाणी! मालकाचा हुकूम! बादल्याच्या बादल्या त्या गर्डरवर ओतल्या. शेडभर चिखल. शिलाईकडच्या चौघी साड्या वर धरून उभ्या, कारण पाणी उतारानं कुठं जाणार? संडासाकडं. म्हणजे त्यांच्याच पायाखाली. मी मात्र गर्डरपाशी उभा. "आता थंड झाला. मोजा."

तेरा फूट.

"सावलीत ठेवून बघू," मी म्हटलं.

"बघा," रफिकभाई म्हणाले आणि कोपऱ्यात बसून बिडी पेटवली.

शेवटी मी पडतं घेतलं, पण कसं घेतलं ऐका. म्हटलं, "बरं, चूक कुणाची ते नंतर बघू. वाद नको. जेवढं जास्त आहे तेवढं कापा, शनिवारी बसवा."

"कापतो. पण सेठ, आता तोंडी कुछ नै. किती कापायचं ते तुम्ही चिठ्ठीवर लिहा आणि खाली सही करा. परत झगडा नक्को."

सही मागतात? माझी? नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, सही काय, अंगठाही देतो! परत टेप घेतली, गर्डर भिंतींच्या मापापेक्षा किती जास्त भरतोय ते मोजलं, पॅडवर लिहिलं, खाली मोठ्ठी सही ठोकली आणि चिठ्ठी त्यांच्या खिशात कोंबली. त्यांनी ती उघडूनही बघितली नाही. गर्डर टेम्पोत परत घातले आणि गेले.

शनिवार उजाडला.  अक्कांनी आपली कात्री, दोरे, मशीनच्या सुया एका पिशवीत भरून ठेवलेल्या मला दिसल्या.  म्हटलं, आज माळा झालाच पाहिजे.

दुपारी गर्डर आले. दोर लागले.  गर्डर वर गेला, आणि काय सांगू, या खेपेला अगदी अलगद आडवा झाला! मी टाळी वाजवली. "बघा! झालं की नाही?"

वरून रफिकभाई बोलले. आवाज तसाच शांत.

"सेठ, जरा वर या."

"का?"

"या तो खरं."

शिडीवर चढलो. गर्डरचं एक टोक भिंतीच्या प्लेटेला चिकटलेलं. दुसरं टोक आणि भिंत यांच्या मधे फट. रफिकभाईंनी त्या फटीत अंगठा घातला, काढला, परत घातला.

"एक इंच कमी, सेठ."

आता मात्र माझा ताबा सुटला. "मुद्दाम करताय तुम्ही! परवा एक फूट जास्त, आज एक इंच कमी! माझ्याशी वैर आहे का तुमचं? शनिवार आहे आज! ह्या बायका निघाल्या माझ्या!"

माझा आवाज ऐकून एकेक माग थांबला. आठही बंद. शेडमध्ये इतकी शांतता मी दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा ऐकली नाही. रफिकभाई सावकाश खाली उतरले, हात पुसले आणि खिशातून दोन्ही चिठ्ठ्या काढून ऑफिसच्या काचेला शेजारी शेजारी लावून धरल्या.

"ही सोमवारची. तेरा फूट. ही गुरुवारची. 'तेरा इंच कापणे.' खाली सही. मैं ने इतकंच कापलं. सेठ, तुमचं तेरावर कैकू एवढं प्रेम हाय?"

"तेरा इंच? मी? अहो, जास्त होतं ते बरोबर एक फूट! बारा इंच!"

"मग तेरा कोणी लिहिलं?"

मी चिठ्ठीकडं बघतोय, सहीकडं बघतोय. अक्षर माझं, सही माझी, आकडा कुणाचा?  म्हटलं, डोक्यात काही बिघाड तर झाला नाही ना? डॉक्टरला दाखवावं का?

एवढ्यात अक्का पुढं आल्या. गळ्यात नेहमीची कापडी टेप. दोन्ही चिठ्ठ्या हातात घेतल्या, लांब धरल्या, जवळ धरल्या. ओठ हलत होते, काहीतरी हिशेब चालला होता. आणि मग त्यांचे डोळे मोठे झाले.

"अय्यो!"

"काय झालं अक्का?"

"अय्यो मालक! बारा फुटाचं तेरा फूट. एक फुटाचं तेरा इंच. फुटामागं एक इंच! अहो, तुमी गर्डरला आटायचं धरलंय!"

मला एका क्षणात कळलं. आणि कळल्याबरोबर वाटलं, ही फरशी दुभंगून मला आत घेईल तर बरं.

तुम्ही टॉवेलच्या धंद्यातले नाही, म्हणून सांगतो. टॉवेल धुतला की आटतो. गिऱ्हाईक पाच फुटी टॉवेल मागतं तेव्हा मागावर पाच फूट पाच इंच लावायचा. फुटामागं एक इंच जास्त. धुऊन आला की बरोबर पाच फूट भरतो. तीस वर्षं मी हेच करतोय. ते ऑर्डरचं पॅड पुढं आलं, हातात पेन आलं, की डोकं मधे येतच नाही. डोळे बारा बघतात, हात तेरा लिहितो. पहिल्यांदा गर्डरला वाढवून दिलं, आणि दुसऱ्यांदा जे कापायचं तेही वाढवून दिलं!

रफिकभाईंना काही कळेना. "आटायचं म्हणजे?"

अक्कांनी त्यांना समजावून सांगितलं. टॉवेल, धुलाई, फुटामागं एक इंच, सगळं. रफिकभाईंनी नीट ऐकून घेतलं. मग माझ्याकडं वळले. तोंडावर एक रेघ हलली नाही.

"सेठ, पहिलेच बोलते ना. मी धुऊन आणला असता."

बस्स! आधी एक मागवाला फुटला. मग दुसरा. मग त्या चारी बायका. अक्का तर खांबाला धरून हसत होत्या, मधेच तेलुगूत काहीतरी बोलायच्या, की बाकीच्या तिघी परत सुरू. "गुरुवारी पाणी बी घातलं की! बादल्यांनी!" कुणीतरी ओरडलं. "तरी न्हाय आटला!"

मी खुर्चीत जाऊन बसलो. आणि बसल्या बसल्या आठवलं, की आमच्या घरी हॉलमध्ये भिंतीत एक कोनाडा आहे, त्याच्यासाठी बारा वर्षांमागं शोकेस करून घेतलं होतं. माप मी दिलं होतं. ते शोकेस कोनाड्यात काही बसलं नाही, ते आजही जाण्यायेण्याच्या वाटेत उभं आहे. मैंदर्गीचा सुतार होता बिचारा. बारा वर्षं मी येईल त्या पाहुण्यासमोर त्या सुताराचा उद्धार करतोय! रात्री घरी सगळं सांगितलं तर बायको काही बोलली नाही, फक्त शोकेसकडं बघत राहिली. तिनं भांडण काढलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

पण ते नंतरचं. इकडं प्रश्न तसाच होता. रफिकभाई म्हणाले, "आठ टोकांना जोड लावतो, पक्का करतो. पण उद्या अक्कलकोटला शादी हाय घरची. बुधवारी माळा उभा करून देतो. माप मैं लेतूं." शेवटचं वाक्य त्यांनी जरा मोठ्यानं म्हटलं.

बुधवार. आणि मुदत होती शनिवार. मी अक्कांसमोर गेलो. हसू थांबलं होतं त्यांचं, डोळे पुसत होत्या. ती पिशवी मशीनवर तशीच होती.

"अक्का, शब्द दिला होता, पाळता आला नाही. चूक माझीच. तुम्हाला त्या दारात बसवलं तीपण माझीच. सोमवारी जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही."  

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. आता हसत नव्हत्या.

"जाऊ कुटं? असला मालक दुसरीकडं मिळंल व्हय?"

"म्हणजे राहणार?"

"ऱ्हातो की. पण त्या संडासाच्या दारात न्हाय. आता एक तास बी न्हाय."

"अहो अक्का, पण बुधवारपर्यंत..."

"तर! बुधवारपर्यंत कुटं बसायचं आमी?"

असं म्हणून त्यांनी शेडभर नजर फिरवली. फिरवत फिरवत ती ऑफिसच्या काचेवर थांबली. काचेवर नाही, काचेच्या आत. वर फिरणाऱ्या पंख्यावर.

दहा मिनिटांत चार मशिनी ऑफिसात! मागवाल्यांनी इतकं भराभर काम माझ्यासाठी कधी केलं नव्हतं. माझं टेबल बाहेर आलं. ठेवायचं कुठं? गठ्ठ्यांनी सगळी जागा खाल्लेली. एकच जागा रिकामी झाली होती. झालं, मी संडासाच्या दारात. तीन-चार दिवसांचा तर प्रश्न, म्हटलं.

त्या तीन-चार दिवसांत मला कळलं, अक्कांनी किती सोसलं ते. पहिल्या दिवशी मी मोजलं, अठ्ठावीस वेळा पाय वर घेतले. "मालक, जरा पाय." आणि ते म्हणताना एकेकाच्या चेहऱ्यावरचा आनंद तुम्ही बघायला पाहिजे होता. आमच्या माणसांची पोटं त्या आठवड्यात अचानक बिघडली की काय, कोण जाणे.

बुधवारी रफिकभाई आले. त्यांनी स्वतः माप घेतलं. मी टेपचं एक टोक धरायला गेलो तर म्हणाले, "नक्को सेठ. तुम्ही चहा सांगा." संध्याकाळपर्यंत माळा उभा! भक्कम, देखणा, जिन्यासकट. गुरुवारी सगळे गठ्ठे वर गेले. खालची डावी बाजू अशी मोकळी, अशी प्रशस्त झाली, की मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला. ऑफिसच्या काचेवर टकटक केलं.

"अक्का, चला! तुमची जागा मोकळी झाली."

आत चारही मशिनी चालू. डोक्यावर पंखा. अक्कांनी मान वर न करता विचारलं, "किती मोठी हाय जागा?"

"लई मोठी! बघा तरी येऊन."

"मग तुमीच बसा की मालक. आमी चौघी हितं कशाबशा मावतो. तुमी एकटे, तुमाला किती जागा लागती? माप घ्या पायजे तर."

तिघी जणी पदर तोंडाला लावून खाली बघायला लागल्या. आता तुम्ही सांगा, यावर मी काय बोलणार? कुठल्या तोंडानं? 'माप' हा शब्द निघाला की आमच्या कारखान्यात माझी बोलती बंद. मी परत येऊन माझ्या टेबलाशी बसलो. टेबल हलवीन म्हटलं, पण फोनचा प्लग तिथंच, उजेडाची खिडकी तिथंच. राहिलो बसून.

तर परवा काय झालं. बार्शीचे एक व्यापारी आहेत, वर्षभर आमच्याकडून माल नेतात. पण सगळं फोनवर, तोंड कधी बघितलेलं नाही. ते एस.टी.नं सोलापूरला आले होते, म्हणाले कारखाना बघून जाऊ. दारातून आत आले. एवढा लांबचा प्रवास, भर दुपार. सरळ माझ्या दिशेनं आले. मी उठून नमस्कार करणार, तेवढ्यात माझ्याकडं बघून नुसती मान हलवली आणि दार उघडून आत गेले. मी आपले पाय वर घेतले.

पाच मिनिटांनी बाहेर आले. रुमालानं हात पुसत माझ्या टेबलापाशी थांबले.

"आतला नळ गळतोय ओ. तेवढं बघा की जरा."

"बघतो," मी म्हटलं.

"बाकी लई स्वच्छ ठेवलंय तुमी. हल्ली कोण ठेवतंय एवढं?" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं, मालक कुटं भेटतील?"

मी तोंड उघडलं. समोर काचेच्या आत, पंख्याखाली, अक्का टॉवेलला टेप लावून माप बघत होत्या.

मी मुकाट्यानं तिकडं बोट दाखवलं. म्हटलं, "आत बसल्यात."